प्रेम आणि आरोग्य : प्लेटोच्या ‘सिंपोझियम’मधील वैद्याच्या भाषणाचा चिकित्सक विचार

प्रास्ताविक

प्रेमाविषयीच्या पाश्चात्त्य तत्त्वचिंतनाचा मागोवा घेताना प्लेटोच्या ‘सिंपोझियम’ या संवादापाशी थांबावेच लागते. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिल्या गेलेल्या या संवादाचा प्रसंग इ.स.पू. ४१६ मधला आहे. शोकात्मिकाकार ॲगॅथॉन याला नाट्यस्पर्धेत पहिला विजय मिळाला आणि त्यानिमित्त त्याच्या घरी निवडक मित्रांची पानगोष्ठी भरली. तेथे जमलेल्यांपैकी प्रत्येकाने इरॉस या देवतेची स्तुती करावी असे ठरते. फीड्रस, पॉसॅनियस, वैद्य एरिक्सिमॅकस, विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिस, यजमान ॲगॅथॉन आणि शेवटी सॉक्रेटिस असा या भाषणांचा क्रम आहे. त्यानंतर मद्यधुंद अल्सिबायडिस आत येतो आणि इरॉसऐवजी सॉक्रेटिसचीच स्तुती करतो.

या भाषणांपैकी ॲरिस्टोफेनिसची दुभंगलेल्या माणसाची कथा आणि सॉक्रेटिसने डायोटिमाच्या तोंडून सांगितलेली सौंदर्याची चढती सोपानपरंपरा यांकडे अभ्यासकांचे लक्ष सर्वाधिक जाते. एरिक्सिमॅकसचे भाषण मात्र बहुधा ओलांडून जाण्याचा मजकूर मानले जाते. तो पांडित्य मिरवणारा, आपल्या व्यवसायापलीकडे काही न दिसणारा गृहस्थ असून प्लेटोने त्याची थट्टा केली आहे, असे मत दीर्घकाळ प्रचलित होते. लुडविग एडेलस्टाइन यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या मताला आव्हान दिले आणि संवादातील वैद्याचे स्थान आदराचे आहे असे प्रतिपादन केले. तेव्हापासून हा प्रश्न खुला आहे.

प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांचा विचार करून वैद्याच्या प्रेमविषयक भूमिकेचे मूल्यमापन करण्याचा प्रयत्न केला आहे. वैद्याने प्रेमाची कक्षा मानवी संबंधांपलीकडे नेली, हे त्याचे खरे कार्य होय. परंतु प्रेमाला आरोग्याचे रूप देताना त्यातील उणिवेची जाणीव त्याच्या हातून निसटली. प्लेटोने हे कार्य स्वीकारले आणि ही त्रुटी पुढील भाषणांतून दाखवून दिली, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

आरंभी एका शब्दाविषयी खुलासा आवश्यक आहे. ‘इरॉस’ला मराठीत नेमका पर्याय नाही. ‘प्रेम’ या शब्दात वात्सल्य, मैत्री, भक्ती असे सर्वच भाव सामावतात. ‘काम’ हा शब्द संस्कृतात इच्छामात्राचा वाचक असला तरी आजच्या मराठीत तो देहवासनेकडे झुकला आहे. इरॉस म्हणजे तीव्र ओढ. आणि या ओढीच्या अधिष्ठात्या देवतेचेही तेच नाव. पुढील विवेचनात ‘प्रेम’ हा शब्द या मर्यादित अर्थाने घेतला आहे.

पानगोष्ठीतील वैद्य

एरिक्सिमॅकस हा अकुमेनस या वैद्याचा पुत्र. पानगोष्ठीला शिस्त लावणारा तोच आहे. आदल्या दिवशीच्या अतिमद्यपानाने सारे शिणलेले असतात. मद्यपान शरीराला अपायकारक आहे असे तो वैद्यकाच्या आधारे सांगतो, प्रत्येकाने इच्छेनुसारच प्यावे असे ठरते, आणि पावा वाजवणाऱ्या तरुणीला बाहेर पाठवून वेळ संभाषणात घालवावा अशी सूचना तो करतो. इरॉसची स्तुती हा विषयही फीड्रसच्या वतीने तोच मांडतो. अर्थात, ज्या चौकटीत संवाद घडतो ती चौकट वैद्याने घालून दिलेली आहे.

या चौकटीला पहिला धक्का बसतो तो उचकीचा. पॉसॅनियसनंतर ॲरिस्टोफेनिसची पाळी असते. पण त्याला उचकी लागते. वैद्य त्याला तीन उपाय सांगतो. प्रथम बराच वेळ श्वास रोखून धरावा. तेवढ्याने न थांबल्यास पाण्याने गुळण्या कराव्यात. तरीही न थांबल्यास नाकाला गुदगुल्या करून शिंक काढावी. मग तो ॲरिस्टोफेनिसच्या जागी स्वतः बोलायला उभा राहतो. विश्वातील सुसंवादाचे गंभीर विवेचन चालू असताना शेजारी ॲरिस्टोफेनिस हे उपाय करीत आहे, हे चित्र हास्यकारक आहे यात शंका नाही. तथापि उपाय लागू पडतात, हेही विसरता येत नाही. वैद्याला आपले काम येते.

प्लेटोच्या अन्य लेखनातूनही याला दुजोरा मिळतो. ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस एक उदाहरण देतो. शरीर तापवणारी वा थंड करणारी, वांती वा रेच घडवणारी औषधे आपल्याला ठाऊक आहेत, असे सांगत कोणी एरिक्सिमॅकसकडे किंवा त्याच्या वडिलांकडे आला; पण ती कोणाला, केव्हा आणि किती द्यावीत हे त्याला ठाऊक नसेल, तर ते त्याला वेडा समजतील. नुसती माहिती आणि खरे शास्त्र यांतील भेद स्पष्ट करण्यासाठी प्लेटोला याच वैद्याचे नाव योग्य वाटते. ज्याची केवळ टवाळी करायची त्याला असा मान मिळत नाही.

प्रेमाचा विस्तार

एरिक्सिमॅकसच्या आधी पॉसॅनियसने इरॉसचे दोन प्रकार सांगितलेले असतात : एक स्वर्गीय, दुसरा सर्वसामान्य वा हीन. वैद्य हा भेद मान्य करतो, परंतु पॉसॅनियसने विषय अर्धवट सोडला असे म्हणतो. त्याच्या मते हा दुहेरी इरॉस केवळ सुंदर व्यक्तींकडे ओढल्या जाणाऱ्या मानवी मनात नसतो. तो प्राण्यांच्या शरीरांत, भूमीतून उगवणाऱ्या वनस्पतींत, किंबहुना अस्तित्वात असलेल्या सर्वच वस्तूंत असतो. हे आपण वैद्यकशास्त्रामुळे जाणले, असे तो नमूद करतो.

यानंतर तो वैद्यकाची व्याख्याच प्रेमाच्या परिभाषेत करतो. शरीरात भरणे आणि रिते होणे या दोन क्रिया चालतात. त्यांच्या संदर्भातील शरीराच्या ओढींचे ज्ञान म्हणजे वैद्यक. निरोगी भागाची ओढ वेगळी, रोगग्रस्त भागाची वेगळी. पहिली पुरवावी आणि दुसरी नाकारावी. हितकारक आणि अपायकारक ओढ ओळखतो तो निदानकुशल. एका ओढीच्या जागी दुसरी आणतो, नसलेली निर्माण करतो आणि नको असलेली काढून टाकतो तो उत्तम चिकित्सक. उष्ण-शीत, कडू-गोड, कोरडे-ओले अशी शरीरातील परस्परविरोधी तत्त्वे परस्परांची मित्र बनवणे हे त्याचे कौशल्य. याच सामर्थ्याच्या बळावर अस्क्लेपियसने ही विद्या स्थापन केली, असे तो म्हणतो.

हेच सूत्र तो व्यायामविद्या, शेती आणि संगीत यांना लावतो. पाककलेच्या बाबतीतही रोग न होता स्वादाचा आनंद मिळावा यासाठी हीच दक्षता हवी, असे तो सुचवतो. पुढे तो ऋतुचक्राकडे वळतो. उष्ण, शीत, कोरडे व ओले यांच्यात संयत प्रेम असेल तर माणसे, जनावरे आणि पिके यांना आरोग्य लाभते. उच्छृंखल प्रेम प्रबळ झाले तर साथीचे रोग, गोठणारे दव, गारपीट आणि पिकांवरील तांबेरा ओढवतो. खगोलविद्या म्हणजे या ओढींचे ग्रहताऱ्यांच्या संदर्भातील ज्ञान, आणि शकुनविद्या म्हणजे देव व मानव यांच्यातील मैत्री घडवणारी कला. शरीरातील पित्तापासून आकाशातील ताऱ्यांपर्यंत एकच नियम, असा हा पट आहे.

या विस्ताराचे महत्त्व कमी लेखता येत नाही. फीड्रस आणि पॉसॅनियस यांच्या भाषणांत प्रेम हा प्रामुख्याने पुरुष-पुरुषांतील संबंधांचा व सामाजिक प्रतिष्ठेचा विषय होता. वैद्य त्याला निसर्गाचा विषय बनवतो. शिवाय प्रेमाचे ज्ञान होऊ शकते, ते शिकता-शिकवता येते, हा विचार या संवादात प्रथम त्याच्याच भाषणात सविस्तर येतो. डायोटिमाच्या शिकवणीला पुढे जी भूमी लागणार आहे ती येथे तयार होते.

वैद्यकीय व तात्त्विक पार्श्वभूमी

एरिक्सिमॅकसची ही भूमिका प्लेटोची केवळ कल्पना नव्हे. क्रोटन येथील अल्कमिऑन याने आरोग्य म्हणजे ओले-कोरडे, शीत-उष्ण, कडू-गोड इत्यादी शक्तींचा समान अधिकार, आणि रोग म्हणजे त्यांपैकी एकीची एकाधिकारशाही, असे मत मांडले होते. वैद्याने सांगितलेल्या जोड्या आणि अल्कमिऑनच्या जोड्या यांतील साम्य उघड आहे. फरक रूपकाचा आहे. अल्कमिऑनचे शरीर हे समान हक्क असलेल्या नागरिकांचे नगर आहे. एरिक्सिमॅकसचे शरीर हे शत्रूंना प्रेमात पाडण्याचे क्षेत्र आहे. मैत्री आणि कलह या दोन शक्तींनी विश्वाची घडामोड चालते असे सांगणारा एम्पिडोक्लिसही या भाषणाच्या पार्श्वभूमीला आहे. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहातील ‘वायूंविषयी’ या ग्रंथात वैद्यक म्हणजे अधिकाची वजाबाकी आणि उणिवेची भर असे सांगितले आहे. भरणे आणि रिते होणे यांवर बेतलेली एरिक्सिमॅकसची व्याख्या या विचाराच्या अगदी जवळ जाते.

मात्र त्या काळचे सारेच वैद्य या मताचे नव्हते. त्याच संग्रहातील ‘प्राचीन वैद्यकाविषयी’ हा ग्रंथ उष्ण, शीत, ओले, कोरडे अशा एखाद्या गृहीतकावर संपूर्ण वैद्यक उभारणाऱ्यांवर कडक टीका करतो आणि या संदर्भात एम्पिडोक्लिसचे नाव घेतो. रोग्याचा आहार, त्याची प्रकृती आणि प्रत्यक्ष अनुभव यांपासून दूर गेलेल्या सिद्धांताचा रुग्णाला उपयोग नाही, असा त्याचा आशय आहे. म्हणजे एरिक्सिमॅकसच्या भाषणातील अतिव्याप्तीवरचा आक्षेप हा केवळ तत्त्वज्ञांचा नाही. तो ग्रीक वैद्यकाच्या अंतर्गत वादाचाही भाग आहे. उपचार करणारा एरिक्सिमॅकस आणि विश्वाचा सिद्धांत मांडणारा एरिक्सिमॅकस यांत भेद केला पाहिजे. पहिला यशस्वी आहे. दुसऱ्याची परीक्षा करावी लागते.

या भाषणातील साथीच्या रोगाचा उल्लेखही सहज आलेला नाही. इ.स.पू. ४३० मध्ये अथेन्समध्ये भयंकर साथ पसरली होती आणि तिचे वर्णन थुसिडिडिसने करून ठेवले आहे. वैद्य रुग्णांच्या सर्वाधिक संपर्कात येत असल्याने तेच अधिक संख्येने मेले, असे तो नमूद करतो. ॲगॅथॉनच्या घरी जमलेल्यांच्या स्मृतीत ही घटना ताजी असणार. निसर्गातील सुसंवादाविषयी आत्मविश्वासाने बोलणाऱ्या वैद्याच्या मागे ही हतबलतेची आठवण उभी आहे.

हेराक्लिटसचे वाचन आणि मतातील पेच

वैद्याच्या भूमिकेतील खरी अडचण संगीताच्या विवेचनात उघड होते. हेराक्लिटसने एकत्व हे स्वतःशी विसंगत असतानाच सुसंगत असते असे म्हटले होते आणि त्यासाठी धनुष्य व वीणासदृश वाद्य यांच्या जुळणीचा दाखला दिला होता. वैद्याला हे विधान असंबद्ध वाटते. उच्च आणि नीच स्वर आधी विसंगत होते आणि नंतर संगीतकलेने त्यांच्यात एकमत घडवून आणले, असे हेराक्लिटसला म्हणायचे असावे, अशी दुरुस्ती तो सुचवतो. विसंगती कायम असेपर्यंत सुसंवाद शक्य नाही, हे त्याचे गृहीत आहे.

येथे वैद्याने हेराक्लिटसच्या विचाराचा गाभाच काढून टाकला आहे. धनुष्याची दोरी आणि त्याचा दांडा परस्परविरुद्ध दिशांना खेचत असतात म्हणूनच ते धनुष्य असते. ताण संपला की केवळ लाकूड आणि दोरी उरते. वैद्याला विरोध हा कालक्रमाने मागे पडणारा टप्पा वाटतो. त्याच्या व्यवसायात तसे वाटणे स्वाभाविक आहे, कारण रुग्णाचा ताप उतरावा हेच वैद्याचे उद्दिष्ट असते. परंतु प्रेमाचे तसे नाही. ज्याची ओढ वाटते ते दूर असते तोवरच ओढ असते. विरोध मिटवणे हेच प्रेमाचे कार्य मानले, तर कार्य सिद्धीस जाताच प्रेमही संपते. वैद्याचा इरॉस यशस्वी होण्याच्या क्षणीच अनावश्यक ठरतो.

दुसरा पेच दुहेरी इरॉसचा. दोन प्रकारची प्रेमे मानली तर चांगले प्रेम पोसणे आणि वाईट प्रेम हटवणे हे वैद्याचे काम. विरोधी तत्त्वांचे मिश्रण हे सूत्र मानले तर प्रेम एकच, आणि त्याचा अभाव म्हणजे कलह. वैद्य ही दोन्ही सूत्रे आळीपाळीने वापरतो. स्वर आणि ताल यांच्या मूळ रचनेत दुहेरी इरॉस आढळत नाही, तो माणसांसाठी त्यांचा उपयोग करताना उद्भवतो, अशी कबुली त्याने स्वतःच दिली आहे. ही कबुली फार महत्त्वाची आहे. चांगल्या-वाईटाचा भेद निसर्गातून नव्हे, तर मानवी जीवनातून येतो, असा तिचा अर्थ होतो. मग शरीरशास्त्राच्या आधारे तो भेद ठरवता येत नाही. तरीही वैद्य पुढे ऋतू आणि पिके यांना तोच भेद लागू करतो.

तिसरी अडचण सर्वांत गंभीर आहे. या भाषणात प्रेम आहे, पण प्रेम करणारा जवळजवळ नाही. उष्ण शीताकडे जाते, कोरडे ओल्याकडे जाते आणि तिसरा कोणी, म्हणजे तज्ज्ञ, त्यांची गाठ घालून देतो. स्वतः तज्ज्ञाला कशाची ओढ आहे, हा प्रश्न उपस्थित होत नाही. प्रेमाचे सर्व ज्ञान असलेला आणि स्वतः प्रेमाबाहेर उभा असलेला माणूस, असे वैद्याचे रूप येथे दिसते.

ॲरिस्टोफेनिस आणि डायोटिमा यांचे उत्तर

वैद्याचे भाषण संपताच ॲरिस्टोफेनिस सांगतो की उचकी थांबली, पण शिंकेचा उपाय करावा लागला. शरीरातील संयत तत्त्वाला असल्या आवाजांची आणि गुदगुल्यांची ओढ कशी असेल याचे त्याला आश्चर्य वाटते. हा विनोद म्हणजे एक युक्तिवादच आहे. शरीरात सुव्यवस्था आली ती सुव्यवस्थित मार्गाने नव्हे, तर एका अव्यवस्थेवर दुसरी अव्यवस्था लादून. त्यानंतर आपल्या भाषणाच्या प्रारंभी ॲरिस्टोफेनिस इरॉसलाच मानवजातीचा वैद्य म्हणतो. वैद्य प्रेमावर उपचार करतो ही एरिक्सिमॅकसची मांडणी येथे उलटते आणि प्रेमच माणसावर उपचार करते असे होते. मात्र ॲरिस्टोफेनिसच्या कथेतील जखम, म्हणजे माणसाचे दुभंगलेपण, पूर्ण बरी होत नाही. अपोलो कातडी ओढून नाभीपाशी बांधतो. व्रण मात्र राहतो.

डायोटिमा अधिक खोल जाते. ती इरॉसला संपन्नता आणि दैन्य यांचे अपत्य ठरवते. तो देव नाही आणि मर्त्यही नाही; तो दोहोंमधला आहे. त्याला जे मिळते ते सतत हातून निसटते, म्हणून तो कधी पूर्ण दरिद्री नसतो आणि कधी पूर्ण संपन्नही नसतो. हेराक्लिटसच्या विधानातून वैद्याने काढून टाकलेला ताण येथे इरॉसच्या स्वभावातच परत आला आहे.

परंतु डायोटिमा वैद्याला पूर्णतः नाकारीत नाही. प्रेम प्राण्यांतही असते हे ती मान्य करते आणि प्रजननाच्या काळात पशुपक्षी प्रेमाने रोगग्रस्त होतात असे म्हणताना वैद्यकाचीच भाषा वापरते. केस, मांस, अस्थी, रक्त सारे क्षणोक्षणी नष्ट होते आणि नवे होते, हे तिचे निरीक्षण वैद्याच्या भरण्या-रितेपणाच्या सूत्राचे विकसित रूप आहे. देव आणि मानव यांच्यातील व्यवहार वैद्याने शकुनविद्येकडे सोपवला होता. डायोटिमा तो इरॉसकडे सोपवते. एक तपशील तर विशेष लक्षणीय आहे. सॉक्रेटिसच्या सांगण्याप्रमाणे डायोटिमाने अथेन्सवासीयांकडून यज्ञ करवून साथ दहा वर्षे पुढे ढकलली होती. साथीच्या कारणांची मीमांसा वैद्य करतो. पण संवादात साथ थोपवण्याचे श्रेय या स्त्रीला मिळते. तेही तिचे निर्मूलन केल्याचे नव्हे, केवळ लांबवल्याचे. मर्त्य शरीराला नवे होत राहण्यातून जेवढे अमरत्व लाभते तेवढेच हे यश आहे.

चौकट मोडते तेव्हा

अल्सिबायडिसच्या प्रवेशाने वैद्याची शिस्त कोसळते. तो स्वतःला पानगोष्ठीचा प्रमुख नेमतो आणि सर्वांनी प्यावे असा आदेश देतो. एरिक्सिमॅकस हरकत घेतो तेव्हा वैद्य अनेक माणसांच्या तोडीचा असतो या होमरच्या वचनाची आठवण देऊन अल्सिबायडिस त्याचा मान राखतो. मग तो सॉक्रेटिसविषयी बोलतो. आपल्याला सर्पदंशाहून वेदनादायक दंश झाला आहे, आणि तो हृदयाला झाला आहे, असे तो सांगतो. या संवादात प्रथमच प्रत्यक्ष व्यथित माणूस वैद्यासमोर आलेला आहे. वैद्यापाशी त्याच्यासाठी उपाय नाही. शेवटी आणखी मद्यपींचा घोळका घुसतो, सारी व्यवस्था संपते, आणि फीड्रससह एरिक्सिमॅकस घरी निघून जातो. सॉक्रेटिस मात्र पहाटेपर्यंत थांबतो आणि पिऊनही शुद्धीवर राहतो.

या प्रसंगाला इतिहासाची काळी किनार आहे. पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ४१५ मध्ये, सिसिलीच्या मोहिमेच्या तोंडावर अथेन्समधील हर्मिसच्या मूर्तींची विटंबना झाली आणि धार्मिक गुप्तविधींच्या विडंबनाचे आरोप झाले. अँडोसिडिसच्या भाषणात आरोपितांमध्ये अल्सिबायडिस आणि फीड्रस यांच्यासह एरिक्सिमॅकस व अकुमेनस ही नावेही येतात. तो एरिक्सिमॅकस हाच वैद्य असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य मानल्यास, देव आणि मानव यांच्यातील मैत्रीचे शास्त्र सांगणाऱ्यावरच त्या मैत्रीच्या भंगाचा आरोप आला, ही विसंगती प्लेटोच्या पहिल्या वाचकांना जाणवल्याशिवाय राहिली नसेल.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून एरिक्सिमॅकसला निव्वळ हास्यपात्र मानणे किंवा प्लेटोच्या मताचा प्रवक्ता मानणे ही दोन्ही टोके टाळावी लागतात. त्याने प्रेमाला निसर्गव्यापी केले, त्याला ज्ञानाचा विषय केले आणि शरीराला तत्त्वचिंतनात प्रतिष्ठा दिली. हे योगदान डायोटिमाच्या शिकवणीत टिकून राहिले. परंतु आरोग्य हेच प्रेमाचे अंतिम प्रमाण मानल्यामुळे ज्या उणिवेतून प्रेम जन्मते ती त्याला केवळ विकृती वाटली.

प्रेमाकडे समतोल, नियंत्रण आणि उपचार यांच्या परिभाषेतून पाहण्याची प्रवृत्ती आजही प्रबळ आहे. मेंदूतील रसायने आणि मानसिक स्वास्थ्य यांच्या भाषेत प्रेमाचे स्पष्टीकरण दिले जाते आणि ते पुष्कळ अंशी उपयुक्तही असते. वैद्याची विद्या उचकी थांबवते आणि ती थांबणे आवश्यकच असते, कारण त्यावाचून ॲरिस्टोफेनिसला बोलता आले नसते. मात्र तो पुढे जे बोलला ते वैद्याला सांगता आले नसते. शरीराचे शास्त्र प्रेमाविषयीच्या संभाषणाला जागा करून देते. त्या संभाषणाचा शेवटचा शब्द आपलाच असावा असा आग्रह त्याने धरू नये, एवढे ‘सिंपोझियम’च्या रचनेतून निश्चितपणे सूचित होते.